विटनीच्या ब्लँकेटवरच्या रेघांचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड भागाचं प्रवासवर्णन वाचलं. फोटो छान आहेत. मधाच्या रंगाची दगडी घरं, दारावर गुलाब, नदीत बदकं. त्यात विटनी गावाला चार ओळी मिळाल्या आहेत आणि त्या चार ओळींत दोन चुका आहेत. एरवी मी सोडून दिलं असतं. पण एकतीस वर्षं सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, म्हणून काढली, वडील जुन्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते, आणि धाकटी लेक सध्या त्याच विटनीत राहते. गेल्या उन्हाळ्यात साडेतीन महिने तिच्याकडे होतो. तिची नोकरी ऑक्सफर्डला, जावयाची त्याच्याही पुढे. दिवसभर घरात मी एकटा. मग काय, गाव पायाखाली घातलं.

पहिली चूक. आपल्या लेखिका म्हणतात, की विटनीची ब्लँकेटं कॅनडात कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीकडे जात आणि त्यांच्या काठावरच्या काळ्या रेघा म्हणजे त्या ब्लँकेटच्या बदल्यात तिथल्या आदिवासींनी बीव्हर या केसाळ प्राण्याची किती कातडी द्यायची याचा आकडा. गोष्ट ऐकायला झकास आहे, म्हणूनच जगभर पसरली आहे. पण खरी नाही. त्या रेघांना पॉइंट म्हणत आणि त्या ब्लँकेटचं माप सांगत. भाव दरसाल वरखाली होतो, तो कापडात विणून ठेवणारा व्यापारी कुठे सापडेल? मोठ्या मापाला जास्त कातडी पडत असणार, त्यावरून हा घोळ झाला असावा. पण रेघ होती ती मापाची.

माप विणून ठेवायची वेळ का आली, हे मागावर बसलेल्या माणसाला चटकन कळेल. सुती चादर मागावरून उतरली की तिचं माप जवळपास ठरलेलं असतं, धुण्यात इंच-दोन इंच गेलं तर गेलं. लोकरीचं तसं नाही. विटनीत मागावरून उतरलेलं कापड म्हणजे निम्मं काम. ते नदीकाठच्या गिरणीत ओलं करून, मुलतानी मातीसारखी माती घालून लाकडी हातोड्यांखाली तासन्‌तास कुटायचे. लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात, कापड दाट होतं, ऊब धरतं आणि लांबी-रुंदी दोन्ही बाजूंनी चांगलंच आटतं. म्हणजे विणताना घेतलेलं माप शेवटी कामाचं नाही, आणि घडी घालून गठ्ठ्यात बांधलेलं ब्लँकेट उलगडल्याशिवाय किती मोठं ते कळायचं नाही. यावर तोड म्हणून काठाजवळ निळीत रंगवलेल्या सुताच्या चार-पाच इंची रेघा विणायच्या. मोठ्या मापाला जास्त रेघा, अर्ध्या मापाला निम्म्या लांबीची रेघ. गठ्ठा न सोडता नुसता कोपरा वर करून पाहिलं की काम झालं. ही युक्ती मूळची फ्रेंच विणकरांची. हडसन्स बे कंपनीने ती १७७९-८० च्या सुमारास उचलली आणि पहिली मागणी नोंदवली ती विटनीच्या थॉमस एम्पसनकडे. लेखिकेने काळ्या म्हटलेल्या रेघा गडद निळ्या, ही बारीकशी तिसरी चूक. ती मी मोजत नाही.

आता गावाविषयी. ऑक्सफर्डच्या पश्चिमेला साधारण वीस किलोमीटरवर हे बाजाराचं गाव. मध्ययुगात विंचेस्टरचा बिशप इथला मालक, त्याच्या वाड्याचा पाया चर्चशेजारी उकरून ठेवलेला दिसतो. बाजारपेठेच्या मध्यावर दगडी खांबांवर उभं छप्पर आहे, त्याला बटरक्रॉस म्हणतात. आसपासच्या खेड्यांतल्या बायका लोणी-अंडी घेऊन त्याखाली बसत. त्यावरचा घड्याळाचा मनोरा १६८३ चा. मी गेलो तेव्हा त्या छपराखाली शाळेतली चार पोरं चिप्स खात बसली होती. आठवड्याचा बाजार अजून भरतो. आपल्या मंगळवार बाजाराच्या मानाने अगदीच शांत, ओरडणारा एकच, तोही फळवाला.

गावाच्या कडेने विंडरश नदी वाहते. नदी म्हणायची म्हणून. आपल्याकडे तिला कुणी ओढा म्हणेल. पण नाव मोठं. १९४८ साली कॅरिबियन बेटांवरून माणसं घेऊन लंडनला आलेल्या ज्या ‘एम्पायर विंडरश’ जहाजावरून इंग्लंडात एका अख्ख्या पिढीला नाव मिळालं, त्या जहाजाला नाव या ओढ्याचं. आणि विटनीची ब्लँकेटंही म्हणे या पाण्यामुळेच इतकी पांढरी. हे मी नाही, रॉबर्ट प्लॉट नावाच्या पंडिताने १६७७ मध्ये लिहून ठेवलं आहे. त्याच्या मते विंडरशच्या पाण्यात मळ काढणारा क्षार आहे. माझं मत विचाराल तर प्रत्येक विणकर गाव आपल्या पाण्याची अशीच फुशारकी मारतं, सोलापूरसुद्धा. पांढरेपणाचं खरं कारण गंधक. ओली ब्लँकेटं बंद खोलीत टांगून खाली गंधक पेटवायचं आणि रात्रभर धूर द्यायचा. पाण्याचं नाव होतं, नाक धूर घेणाऱ्याचं जळतं.

पण त्याच प्लॉटने दिलेले आकडे कामाचे आहेत. त्या वेळी गावात साठ ब्लँकेटवाले, त्यांचे मिळून दीडशे माग, आणि त्यांच्या जिवावर जगणारी सुमारे तीन हजार माणसं. आठ वर्षांच्या पोरापासून जख्ख म्हाताऱ्यापर्यंत. दीडशे मागांवर तीन हजार म्हणजे एका मागामागे वीस माणसं. कुणाला ही थाप वाटेल. मला नाही वाटली. लोकर निवडणारे, पिंजणारे आणि सगळ्यांत जास्त म्हणजे सूत काढणाऱ्या बाया. चरख्यावर एकेक धागा निघायच्या काळात एका मागाला सूत पुरवायला किती चाती लागत, ते हातमागाच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा. विणकराचं नाव होतं, पण माग चालत होता घराघरांतल्या बायांच्या बोटांवर.

लोकर कुठली, हेही सांगण्यासारखं आहे. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांवर मेंढ्या चरताना दिसतात, त्यामुळे तिथलीच असेल असं वाटतं. पण ब्लँकेटाला जी मुख्यतः लागे ती खाटकाकडच्या कातड्यांवरून उतरवलेली, आखूड धाग्याची, स्वस्त लोकर. अशी लोकर सगळ्यांत जास्त लंडनला, कारण तिथे मेंढ्या खाणारी तोंडं जास्त. मग ब्लँकेटांनी भरलेल्या घोडागाड्या विटनीहून लंडनला जात आणि येताना तीच गाडी लोकर भरून येई. रिकामी खेप नाही! अक्कलकोट रोडवरच्या कुठल्याही टेम्पोवाल्याला हे गणित समजावून सांगावं लागणार नाही. चांगली लोकर ब्लँकेटाला, उरलीसुरली होडीवरच्या आच्छादनाला आणि घोड्याच्या गळपट्ट्याला. लाल-निळं जाड कापड समुद्रापार व्हर्जिनियात, तिथल्या मूळ रहिवाशांना विकायला. काहीही वाया जात नव्हतं.

विणायची रीत मला तिथल्या लहानशा संग्रहालयात कळली. ब्लँकेटाचा माग इतका रुंद, की एका माणसाचे हात दोन्ही काठांना पोचत नाहीत. म्हणून दोघं शेजारी बसायचे. एकाने धोटा फेकायचा, दुसऱ्याने झेलून परत फेकायचा. दोरी ओढून धोटा पळवायची सोय विटनीत पोचली ती १८०० च्या आसपास, त्यानंतर एक माणूस पुरू लागला. दुसऱ्याचं पुढे काय झालं, हे संग्रहालयातल्या पाटीवर नव्हतं. आमच्याकडे पॉवरलूम आले तेव्हा हातमागावरच्या माणसांचं काय झालं ते मी पाहिलंय, तेव्हा मी विचारत बसलो नाही.

कुटून आटलेलं ब्लँकेट वाळताना वेडंवाकडं होऊ नये म्हणून नदीकाठच्या मैदानात लांबच लांब लाकडी चौकटी असत, त्यांना टेंटर म्हणत. वरखाली आकड्यांची ओळ. ओलं कापड त्या आकड्यांत काठाने अडकवून ताणून ठेवायचं. इंग्रजीत ‘ऑन टेंटरहुक्स’ म्हणतात ते हेच आकडे, आणि अर्थ काय, तर जीव टांगणीला लागणे. मी लेकीला हे सांगितलं तेव्हा ती फोनमध्ये होती. पण मला दिवसभर गंमत वाटत राहिली, की आपणही जीव टांगतोच. वाळल्यावर मग टीझल नावाच्या काटेरी झाडाच्या वाळलेल्या बोंडांनी कापड खरवडायचं, म्हणजे लव वर येते आणि हाताला मऊ लागतं. आपला सणगर घोंगडी विणतो तेव्हा चिंचोक्याची खळ देऊन ती ताठ करतो, म्हणजे पाऊस अंगावरून ओघळून जावा. लोकर दोन्हीकडे तीच, पण त्यांना अंथरुणातली ऊब हवी आणि आपल्या धनगराला माळावरचा आडोसा.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ती गोष्ट. लेखिका विटनीच्या हाय स्ट्रीटवरून गेल्या असणारच, कारण गावात दुसरा मोठा रस्ता जवळजवळ नाही. तिथे ब्लँकेट हॉल आहे. फोटोत नाही, लेखात नाही. दुमजली, दगडी, तोंडावर विणकरांचं मानचिन्ह आणि एक घड्याळ, ज्याला काटा एकच. तासकाटा. मिनिटकाटा नाहीच.

१७११ मध्ये राणी अ‍ॅनने विटनीच्या ब्लँकेट विणकरांना सनद देऊन त्यांची कंपनी स्थापन केली. कंपनी म्हणजे आजच्या अर्थाने नव्हे, पंचायत म्हणा. विटनी आणि भोवतालच्या वीस मैलांत जो कोणी ब्लँकेट विणेल त्याच्यावर हिचा अधिकार. उमेदवारी पुरी केल्याशिवाय माग लावता येणार नाही. आणि १७२१ मध्ये हा हॉल बांधला तो यासाठी, की गावात विणलेलं प्रत्येक ब्लँकेट इथे आणून वजन करायचं आणि मोजायचं. कमी भरलं तर दंड. लक्षात घ्या, तपासणारा सरकारी माणूस नाही. विणकरांनीच विणकरांचा माल मोजायचा.

मी त्या दगडी पायऱ्यांसमोर बराच वेळ उभा होतो. कारण सांगतो. मी ज्या कारखान्यात होतो (नाव सांगत नाही, मालक आता हयात नाहीत) तिथे एका वर्षी चादरी सर्रास दोन इंच आखूड निघू लागल्या. कुणी मुद्दाम केलं की बीमचा, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळाचा, हिशेब चुकला, ते सोडा. घडी खात्यातल्या बाईने पट्टी लावून दाखवलं. मी शेटकडे गेलो. शेट म्हणाले, लेबल लाव आणि पाठव, गिऱ्हाईक पट्टी घेऊन झोपत नाही. मी लेबल लावलं. त्यानंतर ‘सोलापुरी चादर’ असं ओरडत रस्त्यावर दुसरीकडचाच पातळ माल विकला जाऊ लागला तेव्हा आम्ही सगळे हळहळलो, मोर्चे काढले, भौगोलिक मानांकन मिळवलं. ते चांगलंच झालं. पण नाव चोरणारे बाहेरचे असतात तसे नाव झिजवणारे घरचेही असतात, आणि त्यांतला एक मी. त्या घडी खात्यातल्या बाईला विटनीत जन्म मिळाला असता तर तिच्यासाठी दगडी इमारत बांधली असती, असं तिथे उभं राहून वाटलं.

कंपनी काही कायम टिकली नाही. वाफेची यंत्रं आली, घरातले माग गेले, गिरण्यांच्या मोजक्या मालकांच्या हाती धंदा आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पंचायत मोडली. त्या मालकांत अर्ली घराणं सगळ्यांत मोठं; १६६९ पासूनचा धंदा सांगतात. एका काट्याच्या घड्याळाचं कोडंही मला इथेच उलगडलं, निदान माझ्यापुरतं. ज्याचा माग घरात आहे त्याला मिनिटं कशाला हवीत? उजाडलं की बसला, अंधारलं की उठला. मिनिटं लागतात ती भोंग्यावर चालणाऱ्या माणसाला. आमचं अख्खं लहानपण मिलच्या भोंग्यावर गेलं. आई भोंगा ऐकून भाकरी तव्यावर टाकायची.

विटनीतही मिनिटं आली, आणि कशी आली बघा. जून १९०६ मध्ये अर्लींच्या गिरणीने सकाळी मेंढ्यांची लोकर कातरून त्याच दिवशी त्यांची ब्लँकेटं तयार करून दाखवली. लोकर धुणं, पिंजणं, कातणं, विणणं, कुटणं, वाळवणं, सगळं मिळून १० तास २७ मिनिटं. १९६९ मध्ये पुन्हा केलं, ८ तास ११ मिनिटांत. मला पहिला आकडा जास्त भारी वाटतो. दुसऱ्या वेळेला विजेची यंत्रं होती, आणि विजेने लवकर केलं यात कौतुक ते काय.

दुसरी चूक आता थोडक्यात. लेखिका म्हणतात, आशियातल्या स्वस्त मालाने विटनीच्या गिरण्या बुडवल्या. हे वाचायला आपल्याला बरं वाटेल, मँचेस्टरचं उट्टं काढल्यासारखं. पण ब्लँकेट मारलं ते मुख्यतः रजईने. युरोपातली पिसांची, मग कृत्रिम तंतूंची हलकी रजई, ज्याला तिकडे डूवे म्हणतात, ती साधारण १९७० पासून घराघरांत शिरली, आणि जोडीला घरभर गरम पाण्याचे नळ फिरवून ऊब आली. सकाळी उठून चादर, दोन ब्लँकेटं आणि वर पलंगपोस नीट खोचायची यातायात गेली. रजई एकदा झटकली की झालं. बायांनी सुटकेचा श्वास सोडला असणार. शेवटची गिरणी २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागी आता घरं आहेत. माझ्या लेकीच्या पलंगावरही रजईच आहे.

तिच्या घरापासून दहा मिनिटांवर एक धर्मादाय दुकान आहे, लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंचं. तिथे कपाटाच्या तळाशी मला एक ब्लँकेट दिसलं. साय रंगाचं, दोन्ही टोकांना जाड लोकरी टाका, कोपऱ्यात ‘अर्लीज ऑफ विटनी’ अशी पट्टी. सवयीने मी ते उलटं करून काठ पाहिला, मग बोटांत धरून ताणलं. गल्ल्यावर एक आजी होत्या, ऐंशीच्या आसपास. त्या उठून आल्या. माझं इंग्रजी बेताचं, त्यांचे उच्चार मला समजेनात. मी म्हणालो, वीव्हिंग, इंडिया, थर्टी वन इयर्स. त्यांनी टोकाच्या टाक्यावर बोट ठेवलं आणि मग स्वतःच्या छातीवर. लग्नाआधी त्या गिरणीत ब्लँकेटांच्या टोकांना टाके घालायच्या खात्यात होत्या. त्या कामाला ते व्हिपिंग म्हणतात. उजव्या हाताची तर्जनी दाखवली. पहिल्या पेराला लोकरीच्या धाग्याने पडलेली खाच अजून होती. मी माझ्या डाव्या कानाकडे बोट केलं. साच्यांच्या खडखडाटाने तो केव्हाच गेलाय. त्या हसल्या आणि किंमत कमी करायची गरज नसताना दोन पौंड कमी केले.

येताना विमानतळावर सामानाचं वजन दोन किलो जास्त भरलं. लेक म्हणाली, बाबा, सोलापुरात ब्लँकेट? तिथे ठेवा. मी बाकरवडीचे रिकामे डबे आणि एक बूट काढून ठेवला, ब्लँकेट आणलं. घरी आल्यावर आधी पट्टी लावली. काठावर निळ्या रेघा नाहीत, कारण त्या हडसन्स बेच्या मालाला असत, घरगुती मालाला नव्हे. पुढच्या वेळी कुणी असा लेख लिहिला तर एवढं ध्यानात असू द्यावं. लांबी-रुंदी पट्टीवर लिहिलेल्या मापाशी जुळली. धुऊन धुऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे, तरी अर्धा इंचही कमी नाही.

रेघांची दुरुस्ती आपण पुढच्या रविवारी छापाल अशी आशा आहे. लेखिकेला ब्लँकेट पाहायचं असेल तर जरूर घरी यावं, माळ्यावरून काढून दाखवीन. मात्र डिसेंबरात यावं. सोलापूरच्या मे महिन्यात मी ते नुसतं हातात घ्यायचाही आग्रह करणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जॉबर, सोलापूर